वात मशीनचं बेअरिंग सहा दिवसांत का गेलं

अमळनेरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात कूलरच्या मोटारींचा ढीग लागतो, दुसऱ्या कामाला हात लावायची सोय नसते. नेमकं त्याच दिवसांत, बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरलेली असताना, मागच्या गल्लीतल्या मावशी पिशवीत वाती वळायचं मशीन घेऊन दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, मशीन बंद पडी गयं. आनि तेल तं मी रोज टाकस!"

मशीन माझ्याच भाच्याने केलेलं होतं. तो जळगावला इंजिनिअरिंगला आहे. मावशींचे हात सांध्यांनी दुखायला लागले म्हणून त्याने सुट्टीत हौसेने बनवून दिलं. रचना साधी होती. बारा व्होल्टची ७७५ नंबरची छोटी मोटर, तिच्यावरून गोल पट्टा, पट्ट्यावर ५ मिलिमीटरचं स्पिंडल म्हणजे फिरता दांडा, स्पिंडलच्या टोकाला चिमट्यासारखी फट आणि पायाखाली स्विच. फटीत कापसाची पुणी अडकवायची, पाय दाबायचा, पीळ बसला की वात काढून घ्यायची. स्पिंडल दोन बेअरिंगवर (एकात एक दोन रिंगा आणि मध्ये गोळ्या) फिरतं आणि ही बेअरिंगं थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात बसवलेली.

मोटर मिनिटाला साधारण सहा हजार फेऱ्यांनी फिरते, पुलीमुळे स्पिंडलला दोन हजारांच्या आसपास मिळतात. मावशींचा हात बसला तेव्हा मिनिटाला वीस वाती निघायच्या. चातुर्मासात लक्षवातीचं व्रत करणाऱ्या बायकांकडून त्यांनी ऑर्डर घेऊन ठेवली होती. एक लाख वाती म्हणजे याच वेगाने त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी तासांचं काम. रोज साडेचार-पाच तास बसलं तर अठरा दिवस. पण मशीन सलग अठरा दिवस चालतच नव्हतं. पहिलं बेअरिंग अकराव्या दिवशी घरघरायला लागलं, ते भाच्याने बदललं. दुसरं नवव्या दिवशी गेलं, ते मी बदललं. तिसरं सहा दिवसांत जाम झालं आणि पिशवीत बसून माझ्याकडे आलं.

दर वेळी आयुष्य कमी होत होतं, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. माल खराब असता तर कधी जास्त, कधी कमी दिवस टिकला असता. हे उताराला लागल्यासारखं चाललं होतं.

तीन संशय

भाच्याचं म्हणणं, बेअरिंग हलक्या प्रतीचं आहे. त्याने एबेक-९ असं छापलेल्या स्केटिंगच्या बेअरिंगची माहिती काढून ठेवली होती. हा गैरसमज फार जणांना आहे म्हणून सांगतो. एबेक १, ३, ५, ७, ९ हे आकडे रिंगांची मापं किती काटेकोर आहेत आणि बेअरिंग किती कमी डोलतं एवढंच सांगतात. आत कोणतं ग्रीस आहे, किती आहे, झाकण कसलं आहे, धूळ आत जाईल का, यातलं एक अक्षरही त्या आकड्यात नसतं. दोन हजार फेऱ्यांवर कापूस पिळणाऱ्या स्पिंडलला साधी प्रत पुरते.

मावशींना वाटलं, ऊन लागलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, त्यांची खोली पत्र्याची, त्यामुळे शंका रास्त होती. पण या बेअरिंगमध्ये जे नेहमीचं लिथियम ग्रीस असतं ते शंभर-एकशे दहा अंशांपर्यंत काम करतं. पंचेचाळीस-पन्नासला ते थोडं लवकर तेल सोडेल, जळणार नाही. उन्हाने मात्र दुसरंच काहीतरी केलं होतं, त्याच्याकडे येतोच.

माझा संशय वजनावर होता. ठोकळ्यात एमआर१०५ झेडझेड नंबरचं बेअरिंग होतं. आतलं भोक ५, बाहेरचा व्यास १० मिलिमीटर. इतकं नाजूक की गोळ्या मोहरीएवढ्या. स्पिंडल पुढे ४० मिलिमीटर बाहेर आलेलं आणि दोन बेअरिंगमधलं अंतर फक्त २०. मावशी वात ओढून काढतात तेव्हा टोकावर समजा दोन किलोचा जोर येतो. पुढचं बेअरिंग हे टेकू झालं. त्यामुळे त्याच्यावर येणारा भार दोन किलो नाही, दोन गुणिले साठ (चाळीस अधिक वीस) भागिले वीस, म्हणजे सहा किलो. मागच्यावर उलट दिशेने चार.

पण हिशेब पुढे केला आणि माझाच संशय पडला. एमआर१०५ ची भार पेलण्याची क्षमता कॅटलॉगमध्ये सुमारे ४३० न्यूटन दिलेली असते. सहा किलो म्हणजे ५९ न्यूटन. ४३० ला ५९ ने भागायचं आणि येणाऱ्या आकड्याचा घन करायचा, की आयुष्य दशलक्ष फेऱ्यांत मिळतं. साधारण ३८७ दशलक्ष. मिनिटाला दोन हजार फेऱ्या धरल्या तर तीन हजार दोनशे तास. मावशींच्या बैठकीने पावणेदोन-दोन वर्षं. म्हणजे अकरा दिवसांत मरायला वजन हे कारण पुरेसं नव्हतं. छोटं बेअरिंग गेलं की लोक लगेच मोठं बसवतात. हा हिशेब कोणी करत नाही, आणि मोठंही त्याच दुखण्याने गेलं की नशिबाला दोष देतात.

उघडून पाहिलं

तिसऱ्या बेअरिंगचा पत्रा टाचणीने उचकटला. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना धातूची पातळ झाकणं. ही झाकणं आतल्या रिंगेला टेकत नाहीत, मध्ये केसाएवढी फट राहते. म्हणूनच अशी बेअरिंगं हलकी फिरतात. आत पाहिलं तर ग्रीस नव्हतंच. एका बाजूला राखाडी, दाबून बसवलेल्या नमद्यासारखी चकती होती आणि गोळ्यांच्या मध्ये तपकिरी, कोरडा, चुरा होणारा गाळ.

मला पहिल्यांदा वाटलं, धूळ. दुकानात एक काका गप्पा मारायला येऊन बसतात, ते जन्मभर सूतगिरणीत फिटर होते. त्यांनी तो नमदा नखावर घेतला, बोटांत चोळला आणि म्हणाले, "अरे, ही धूळ नाही. ही वात आहे."

मग डोक्यात उजेड पडला. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळीत धरून ठेवलेलं तेल. त्यात मोठा वाटा तेलाचाच असतो. साबण फक्त ते सांभाळतो, वंगणाचं काम तेल करतं. कापसाचा सुटा धागा, म्हणजे तंतू, बारा ते वीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्या केसाएवढ्या फटीतून तो आरामात आत शिरतो. सरकी काढलेल्या कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे तो पाणी झिडकारतो पण तेल धरतो. धाग्याचं एक टोक ग्रीसमध्ये आणि दुसरं बाहेर हवेत. दिव्यात वात जे करते तेच त्याने बेअरिंगमध्ये केलं. तेल ओढून बाहेर आणलं आणि साबण आत कोरडा ठेवला. वाती वळायच्या मशीनचं बेअरिंग वातीनेच कोरडं केलं होतं. काका त्यावर अर्धा दिवस हसत होते. गिरणीतल्या लोकांना हे नवीन नाही, पण माझ्या दुकानात येतात त्या मोटारी पाण्याच्या आणि धुळीच्या, कापसाच्या नाहीत.

आणि इतक्या छोट्या बेअरिंगमध्ये तेल असतं तरी किती? कारखान्यातून येताना आतल्या मोकळ्या जागेचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा ग्रीसने भरलेला असतो. एमआर१०५ मध्ये ते दोन-तीन तिळांएवढं भरेल. पाच-सहा धाग्यांना प्यायला तेवढं पुष्कळ झालं.

दर वेळी आयुष्य कमी का झालं, तेही उलगडलं. पहिल्या बेअरिंगनंतर मावशींनी शिलाई मशीनचं तेल सोडायला सुरुवात केली. पातळ तेलाने उरलंसुरलं ग्रीस सैल होऊन वाहून जातं, आणि तेलकट तोंडावर कापूस जास्त चिकटतो. मावशींची काळजी खरी होती, पण त्या रोज वातीला तेल घालत होत्या.

तिसऱ्या बेअरिंगच्या मरणात माझाही हात होता, हेही लिहून ठेवतो. कूलरच्या गर्दीत मी ते स्पिंडलवर हातोडीने ठोकून बसवलं होतं. पंख्याच्या ६२०२ नंबरच्या बेअरिंगला अशी एखादी ठोक चालून जाते. एमआर१०५ ची न फिरता, जागच्या जागी भार सोसायची मर्यादा साधारण १७० न्यूटन, म्हणजे जेमतेम सतरा किलो. त्याहून जास्त धक्का बसला की गोळी रिंगेच्या वाटेवर कायमचा खळगा पाडते. त्यातून मी ठोकत होतो बाहेरच्या रिंगेवर, आणि घट्ट बसत होती आतली. सगळा मार गोळ्यांमधून गेला. ते बेअरिंग पहिल्या मिनिटापासून कर्रकर्र वाजत होतं आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जी रिंग घट्ट बसवायची तिच्यावरच दाब द्यायचा. आता मी पाना आणि दोन वायसर घेऊन स्क्रूच्या दाबाने बसवतो.

निवड

जळगावला बेअरिंगच्या दुकानात गेलो. काउंटरवर "पंख्याचं का ग्राइंडरचं?" असा प्रश्न येतो, कारण खपतात तीच, ६२०१, ६२०२, ६०७, ६२७, ६०८. मिनिएचर मागितलं की डबा खालच्या कप्प्यातून निघतो. नंबर वाचता आला तर निम्मं काम होतं. ६२५ मधला शेवटचा ५ हा आतल्या भोकाचा मिलिमीटरमधला आकडा. ६०८ मध्ये ८, ६२७ मध्ये ७. दहापासून हा नियम बदलतो, ६२०० म्हणजे १० आणि ६२०१ म्हणजे १२. एमआर१०५ ची तऱ्हा निराळी, त्यात १० हा बाहेरचा व्यास आणि ५ आतला. जाडी नावात नाहीच, आणि फसगत तिथे होते. उघडं एमआर१०५ तीन मिलिमीटर जाड, झाकणवालं चार. भाच्याने इंटरनेटवरचा आराखडा घेतला तो उघड्याचा होता आणि माल आला झाकणाचा. एक मिलिमीटर बाहेर राहिलं, नेमकं कापसाच्या बाजूला. ठोकळ्याच्या आडोशाला राहायचं ते बेअरिंग उंबऱ्यावर येऊन बसलं होतं.

५ मिलिमीटरच्या दांड्याला समोर चार पर्याय होते. एमआर१०५, मग ६९५ म्हणजे बाहेरून १३ आणि जाडी ४, मग ६०५ म्हणजे १४ आणि ५, आणि ६२५ म्हणजे १६ आणि ५. मी ६२५ घेतलं. भारासाठी नाही. त्याच्या गोळ्या बाजरीच्या दाण्याच्या आसपास जातात आणि ग्रीसला जागा कितीतरी जास्त मिळते. तेल पिणारा शेजारी असेल तर माठ मोठा हवा. किमतीत फरक चहा-भज्यांचा.

काउंटरवर एक गिऱ्हाईक बेअरिंग बोटावर फिरवून बघत होतं, जास्त वेळ फिरेल ते चांगलं म्हणून. २०१७ साली फिजेट स्पिनरची लाट आली तेव्हापासून ही सवय पसरली. स्पिनरमध्ये ६०८ असायचं, आणि ते खूप वेळ फिरावं म्हणून त्यात ग्रीसऐवजी नावाला तेल असायचं किंवा तेही नाही. बोटावर भरभर फिरणारं बेअरिंग बहुतेक वेळा कोरडं असतं. नवं, ग्रीस भरलेलं बेअरिंग दोन-तीन वेढे घेऊन शांत थांबतं. बोटाला खडखड लागते का तेवढं बघावं, वेळ मोजू नये.

खरी निवड झाकणाची होती. टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचं झाकण, ज्याची ओठासारखी कड आतल्या रिंगेला घासून बसते. धाग्याला वाट राहत नाही. त्याची किंमत म्हणजे घर्षण. लहान बेअरिंगमध्ये गोळ्यांपेक्षा या ओठाचंच घर्षण जास्त भरू शकतं. मी आधी दोन्ही जागी ६२५ टू-आरएस लावून पाहिलं. मशीन मोकळं फिरताना आधी १.१ अँपिअर घ्यायचं, आता १.४ घेऊ लागलं. तेवढ्याने मोटर मरत नाही. पण पाय दाबला की स्पिंडल क्षणभर अडायचं आणि पट्टा घसरून चिरकायचा. मावशी मिनिटाला वीस वेळा पाय दाबतात. दिवसभर ते चिरकणं ऐकून त्यांनी ते मशीन मला परत आणून दिलं असतं.

म्हणून पुढे, कापसाच्या बाजूला टू-आरएस आणि मागे पट्ट्याच्या बाजूला झेडझेड. प्रवाह १.२ वर आला आणि चिरकणं थांबलं. न घासणारं रबरी झाकणही मिळतं, त्याचं घर्षण झेडझेडसारखं आणि फट त्याहून वळणाची. ते मला त्या दिवशी या मापात मिळालं नाही, मिळालं असतं तर मागे तेच लावलं असतं. स्टेनलेसचा विचार केला आणि सोडून दिला. गंज हा इथे शत्रू नाही, आणि स्टेनलेसची भार क्षमता साध्या क्रोम स्टीलपेक्षा थोडी कमीच असते.

ठोकळा

बेअरिंग बदलून जुन्याच ठोकळ्यात घालणं म्हणजे पुन्हा तेच. उन्हाची गोष्ट इथे येते. ठोकळा पीएलए प्लास्टिकचा होता आणि ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. पत्र्याची खोली, त्यात चालती मोटर, त्यात पट्ट्याची ओढ. खाच अंडाकृती झाली होती आणि बाहेरची रिंग खाचेत स्वतःच फिरू लागली होती. खाचेच्या आतल्या चकाकीवरून ते कळलं. रिंग फिरली की प्लास्टिकचा चुरा, चुऱ्याने आणखी ढिलाई.

एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा ठोकळा करून घेतला. खाच सोळा मिलिमीटरला नेमकी, वर फार तर दीड-दोन शतांश मिलिमीटर. बाहेरची रिंग हाताच्या दाबाने सरकावी, ठोकावी लागू नये. नव्या स्पिंडलचा दांडा बाजारचा होता, मायक्रोमीटरवर ४.९७ भरला, तर आतली रिंग त्यावर सैल. तिथे बेअरिंग बसवायच्या लोकटाइटचा (धातूला धातू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पुरला. थेंबच. ओघळून आत गेला तर गोळ्याच चिकटतात. दोन बेअरिंगमधलं अंतर २० वरून ५० केलं आणि पुढचं टोक ४० वरून २५ वर आणलं. टोकावरच्या त्याच दोन किलोसाठी पुढच्या बेअरिंगवर आता तीनच किलो येतात. आयुष्याचा आकडा पुन्हा काढला तर चार लाख तासांच्या वर गेला. असला आकडा आला की समजावं, वजन हा आता प्रश्नच उरला नाही.

सगळ्यात कामाची वस्तू मात्र सगळ्यात फालतू होती. बेअरिंगच्या पुढे स्पिंडलवर नायलॉनची एक चकती बसवली, ठोकळ्याच्या तोंडापासून कागदाएवढी दूर. कापूस आधी तिला गुंडाळला जातो. तिच्या काठावर एक आडवी खाच पाडून दिली, म्हणजे रात्री ब्लेडचं टोक फिरवलं की गुंडाळी कापून निघते. नमद्याची चकती लावायचा सल्ला एकाने दिला होता. धुळीच्या कामाला तेलात भिजवलेला नमदा चांगला. इथे तो आणखी एक वात झाला असता.

तेलाची कुपी मी मावशींकडून मागून घेतली. त्या द्यायला तयार नव्हत्या. बेअरिंग उघडून आतला नमदा दाखवला, तेव्हा तो बोटात धरून म्हणाल्या, "आते समजनं. दिवाच लायेल व्हता मी."

नंतर

मशीन आषाढाच्या सुरुवातीला परत गेलं. लाखाची ऑर्डर श्रावणात पुरी झाली, त्यानंतर नवरात्राचं आणि दिवाळीचं काम झालं. दिवाळीनंतर मी ते पुन्हा दुकानात मागवलं, बिघडलं नव्हतं तरी. पुढच्या ६२५ चं रबर सुईने अलगद उचललं. ओठाच्या बाहेर कापसाची बारीक माळ बसलेली, आत ग्रीस ओलं आणि सारखं पसरलेलं. रबर परत दाबून बसवलं, ते बसतं. मागच्या झेडझेडमध्ये फटीपाशी चार धागे सापडले, ग्रीस अर्धं कोरडं. पट्ट्याबरोबर कापूस मागेही जातो, हे मी धरलं नव्हतं. ते बेअरिंग बदललं आणि त्या बाजूलाही एक चकती लावली.

मोटर मात्र राहिली. तिला पुढे बेअरिंग आहे, मागे नुसतं बुश म्हणजे गोळ्यांशिवायची धातूची नळी, आणि हवा खेळायला पाठीला मोठ्या खिडक्या. त्या खिडक्यांतून कापूस आत जातोच. खिडक्या बंद केल्या तर मोटर तापते, जाळी लावली तर आठवड्यात जाळीच बुजते. बुशमध्ये तेल मुरवलेलं असतं, त्यामुळे तिथेही तोच खेळ सुरू झाला असणार. परवा मावशींकडून जाताना खिडकीतून आवाज ऐकला, स्पिंडल गप्प होतं आणि मोटरची पाठ किंचित कुरकुरत होती. पुढच्या आठवड्यात मोटर खाली लाकडी पेटीत टाकून फक्त पट्टा वर आणायचा विचार आहे. भाच्याला पेटीचं माप कळवलंय.